छागलक्षण आणि कुरण

जुन्या कागदांच्या संग्राहकांत एक अलिखित प्रतवारी रूढ आहे. सनदा, महजर, निवाडे आणि मोहिमांवरील पत्रें हीं पहिल्या प्रतीचीं; जमाखर्च व ताळेबंद हे दुसऱ्या प्रतीचे; आणि जनावरांच्या याद्या, गवताचे हिशेब, वनचराईच्या नोंदी हीं प्रतवारीच्या बाहेरचीं. प्रस्तुत लेखकानेंहि तरुणपणीं हाच भेद पाळला. एका खेड्यांतील घराण्याचें दप्तर तीन दिवस बसून निवडलें, त्यांतील निवाडे व वतनाचे कागद उतरून घेतले, आणि गुरें-शेरडांच्या वर्णनांचा व गवताच्या गंजींचा एक जुडगा, यांत कांहीं नाहीं असा अभिप्राय देऊन घरधन्याच्या स्वाधीन केला. कांहीं वर्षांनीं पुन्हां तेथें जाण्याचा योग आला तेव्हां तो जुडगा चुलीच्या कामीं आलेला होता. घरधन्यास बोल लावण्यास जागा नव्हती. त्या कागदांस निरुपयोगी ठरविणारा मीच होतों. हा लेख त्या चुकीचें अल्पसें परिमार्जन समजावें.

शेळीच्या अंगाचा रंग आणि तिच्या चाऱ्याचें रक्षण हे दोन विषय आज वेगवेगळे वाटतात. पहिला शकुनाचा, दुसरा महसुलाचा. आपल्या जुन्या ग्रंथांत मात्र ते एकमेकांस लागून आहेत. 'लक्षण' हा शब्द या विषयांत प्रथम धन्याची व नोंदीची खूण या अर्थीं आला असून, शुभाशुभ चिन्ह हा अर्थ त्याच्या शेजारीं मागाहून बसला असावा, असें मला वाटतें. तसेंच, ज्या राज्यांत जनावराची खूण लिहून ठेवली जात असे त्याच राज्यांत त्याचें गवतहि लिहून राखलें जात असे. या दोन गोष्टींचीं साधनें क्रमानें मांडतों.

१. यजुर्वेदांतील वर्णनामें

तैत्तिरीय संहितेच्या द्वितीय कांडाच्या आरंभीं काम्य पशूंचें प्रकरण आहे. ऐश्वर्य इच्छिणाऱ्यानें वायूस श्वेत पशु द्यावा. दीर्घकाळ रोगानें पीडलेल्यानें अग्नीस कृष्णग्रीव, म्हणजे काळ्या मानेचा, व सोमास बभ्रु, म्हणजे पिंगट, पशु द्यावा. पाऊस हवा असेल त्यानें प्रजापतीस काळा द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. काळा कां, तर पावसाचें रूप काळें. अंगावर कबरे पट्टे कां, तर ती वीज. शिंगें खालीं वळलेलीं कां, तर वृष्टि खालीं यावी म्हणून. वाजसनेयि संहितेच्या चोविसाव्या अध्यायांत अश्वमेधाच्या पशूंची जी यादी आहे तींत तांबड्या रंगाचे रोहित, धूम्ररोहित आणि कर्कंधुरोहित असे तीन भेद, व पिंगटाचे बभ्रु, अरुणबभ्रु आणि शुकबभ्रु असे तीन भेद केलेले आढळतात. कर्कंधु म्हणजे बोर. पिकल्या बोराचा तांबडेपणा धुरकट तांबड्याहून निराळा म्हणून मोजलेला आहे.

असली सूक्ष्म वर्णनामें यज्ञमंडपांत बसून तयार होत नसतात. रोज शेंदोनशें जनावरें मोजून आंत घेणाऱ्या माणसाचे ते शब्द आहेत. ऋत्विजांनीं ते गोपालांपासून घेतले असावेत. ज्या समाजांत बोरासारख्या तांबड्या बोकडाची मागणी होत असे, त्या समाजांत तो कोणाच्या कळपांत मिळेल हेंहि कोणास तरी ठाऊक असलें पाहिजे. शेळीच्या वर्णाची नोंद प्रथम गोपालाच्या स्मरणांत होती. पुढें ती राजाच्या दप्तरांत गेली.

२. लक्षण म्हणजे धन्याची खूण

पाणिनीच्या सहाव्या अध्यायांतील तिसऱ्या पादांत (६. ३. ११५) 'कर्ण' शब्दापूर्वीं येणाऱ्या लक्षणवाचक शब्दाचा अंत्य स्वर दीर्घ होतो असें सांगून, विष्ट, अष्टन्, पंचन्, मणि, भिन्न, छिन्न, छिद्र, स्रुव आणि स्वस्तिक हे नऊ शब्द त्या नियमांतून वगळले आहेत. विळ्याच्या आकाराची खूण ज्याच्या कानावर आहे तो 'दात्राकर्ण'. येथें लक्षण म्हणजे काय, याचा खुलासा काशिकाकारांनीं स्पष्ट केला आहे: पशु कोणत्या धन्याचा हें कळावें म्हणून त्याच्या अंगावर जी आकृति करतात तीच या सूत्रांत घ्यावयाची. म्हणजे वैयाकरणांच्या दृष्टीनें पशूच्या कानावरील लक्षण ही मालकीची खूण होय. तिचा शकुनाशीं संबंध नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्रांत हाच अर्थ राजव्यवहारांत उतरलेला दिसतो. दुसऱ्या अधिकरणाच्या गोऽध्यक्ष प्रकरणांत वासरें महिन्या-दोन महिन्यांचीं झालीं कीं त्यांस डाग द्यावा, आणि डाग, अंगचें चिन्ह, वर्ण व दोन शिंगांमधील अंतर हीं लक्षणें नवीन पैदाशीच्या नोंदींत लिहावीं, अशी आज्ञा आहे. जनावर मेलें तर गोपालानें पुरावा दाखवावयाचा. गाय-म्हैस असल्यास डागाचें कातडें, घोडा, गाढव वा उंट असल्यास शेंपूट व डागाचें कातडें, आणि शेळी-मेंढी असल्यास 'कर्णलक्षण', म्हणजे खुणेचा कान. मनुस्मृतींतहि आठव्या अध्यायांत मेलेल्या जनावराचे कान, कातडें, शेंपटीचे केस इत्यादि धन्यास देऊन खुणा दाखवाव्या असें म्हटलें आहे. शेळ्यांस लांडग्यांनीं घेरलें असतां गोपाल धांवला नाहीं तर नुकसान त्याचें; कळप एकत्र राखलेला असूनहि रानांत लांडग्यानें अवचित उडी घालून शेळी मारली तर दोष त्याचा नाहीं, हा विवेकहि तेथेंच आहे. कानाची खूण असल्यावांचून असा न्याय करतांच आला नसता.

त्याच प्रकरणांत पैदाशीचा एक स्पष्ट नियम आहे. शंभरांच्या कळपांत गाई, म्हशी व उंट असल्यास चार नर, घोडे-गाढवें असल्यास पांच, आणि शेळ्या-मेंढ्या असल्यास दहा नर ठेवावे. शंभरास दहा बोकड ठेवावयाचे म्हणजे बाकीचे नर कळपांतून काढावयाचे. आणि कोणते ठेवावे व कोणते काढावे हें ठरविणें म्हणजेच निवड. ज्याच्या नोंदवहींत प्रत्येक करडाचा वर्ण लिहिलेला आहे, त्यास ती निवड वर्ण पाहून करणें शक्य होतें.

येथें एक गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावी. अर्थशास्त्राचें हस्तलिखित तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आणून दिलें आणि श्यामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें तें छापलें. त्यापूर्वीं या ग्रंथाची ओळख बहुतांशीं इतरांनीं घेतलेल्या उल्लेखांवरूनच होती. तें हस्तलिखित ग्रंथालयाच्या दारापर्यंत आलें नसतें, तर कर्णलक्षणाचा हा व्यवहार आज आपणांस इतका स्पष्ट दिसला नसता.

३. वराहमिहिराचें छागलक्षण

बृहत्संहितेंत छागलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. केर्न यांच्या १८६५ च्या आवृत्तींत तो पासष्टावा. वराहमिहिराचा काल इसवी सनाचें सहावें शतक. येथें लक्षण शब्दाचा अर्थ पालटलेला दिसतो. आठ, नऊ वा दहा दांतांचे बोकड घरांत ठेवण्यास योग्य, सात दांतांचे त्याज्य. पांढऱ्याच्या उजव्या कुशीवर काळें मंडल शुभ. काळ्या, तांबड्या किंवा ऋश्य नामक हरणाच्या रंगाच्या बोकडास पांढरें मंडल शुभ. सर्वांग पांढरे, सर्वांग काळे, अर्धे काळे-अर्धे पांढरे, अर्धे कपिल-अर्धे काळे हे सर्व चांगले. बिनशिंगी सगळेच चांगले. गळ्याखालीं स्तनासारखा जो लोंबता भाग असतो त्यास येथें मणि म्हटलें आहे. एक मणि असल्यास शुभ, दोन-तीन असल्यास अधिकच. न्यायग्रंथांनीं ज्या अजागलस्तनास निरुपयोगीपणाचा दृष्टांत केलें, त्याचीच ज्योतिष्यानें ही प्रतिष्ठा केली आहे! कुट्टक, कुटिल, जटिल व वामन या चार प्रकारच्या बोकडांस लक्ष्मीचे पुत्र म्हटलें आहे. त्याज्यांच्या यादींत गाढवासारखा आवाज, वाईट खूर, विटका रंग, तुटके कान, काळी टाळू व काळी जीभ हीं येतात.

या अध्यायास निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. पण त्यांतील कांहीं नियम व्यवहारांतून आलेले उघड दिसतात. शेळीस वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात; खालच्या जबड्यांत पूर्ण वाढीच्या शेळीस आठ असतात. आठांचे सात झाले म्हणजे एक पडला वा मोडला. अशा जनावरास पाला ओरबाडतां येत नाहीं व तें चाऱ्यांत असूनहि खंगतें. सात दांतांचा बोकड घरीं ठेवूं नये, हा नियम कोणत्याहि अनुभवी धनगरानें मान्य करावा असाच आहे. कळपाच्या पुढें चालणारा व पाण्यांत प्रथम शिरणारा बोकड चांगला, हाहि नियम त्याच जातीचा. आतां तुटक्या कानाचा बोकड त्याज्य कां? पाणिनीच्या यादींतील 'छिन्न' व 'भिन्न' या कर्णखुणा आठवल्या, आणि मेलेल्या शेळीचा पुरावा म्हणून कानच दाखवावयाचा हें आठवलें, म्हणजे एक अनुमान सुचतें. कान तुटलेलें जनावर म्हणजे ज्याची खूण नाहींशी केली आहे असें, बहुधा दुसऱ्याचें जनावर. असें जनावर घरांत बांधणाऱ्यावर चोरीचा आळ येणार. व्यवहारांतील हा धोका पुढें अशुभ म्हणून सांगितला गेला असावा. हें अनुमानच आहे. परंतु खुणेपासून शकुनाकडे शब्द कसा सरकला, याचा एक मार्ग त्यांत दिसतो.

४. रंग टिकतो कसा

रंगाच्या वारशाविषयीं आजचें शास्त्र जें सांगतें तें या जुन्या यादीशीं ताडून पाहण्यासारखें आहे. शेळ्यांच्या अनेक जातींत पांढऱ्या वा तांबूस रंगाचें बीज प्रबळ असून काळ्याचें बीज दबून राहणारें असतें. त्यामुळें पांढऱ्या जोडप्यास अकस्मात् काळें करडूं होऊं शकतें, पण अशा जातींत काळ्या जोडप्याचीं करडें बहुधा काळींच होतात. म्हणून काळा कळप राखणें सोपें. काळा बोकड व काळ्या शेळ्या ठेवल्या कीं काम झालें. पांढरा कळप निर्मळ करण्यास पिढ्यान्‌पिढ्या करडांवर नजर ठेवावी लागते, आणि तेथें नोंदीचा उपयोग खरा. ठिपक्यांची गोष्ट निराळी. अंगावर ठिपके येणें वंशपरंपरेनें चालतें, पण ठिपका उजव्या कुशीवर येईल कीं मानेवर, हें कोणाहि पाळणाऱ्याच्या हातीं नसतें. गर्भांत रंगाच्या पेशी त्वचेंत कशा पसरतात यावर तें अवलंबून आहे. वराहमिहिराच्या यादींत म्हणून दोन प्रकार एकत्र आलेले दिसतात. सर्वकृष्ण वा सर्वश्वेत बोकड निवडीनें मिळवितां येतो. उजव्या कुशीवर मंडल असलेला बोकड योगायोगानें सांपडतो. पहिला पाळणाऱ्याच्या कसबाचा, दुसरा दैवाचा. आणि दैवाच्या गोष्टीस शकुनाचें महत्त्व येणें स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रांतील शेळ्यांच्या ज्या जाती राष्ट्रीय नोंदींत आहेत, त्यांचीं वर्णनें आजहि रंगापासूनच सुरू होतात. उस्मानाबादी (जिल्ह्याचें नांव २०२३ पासून धाराशिव) बहुतेक काळी. संगमनेरी बहुधा पांढरी किंवा मिश्र रंगाची. वऱ्हाडांतील बेरारी तांबूस. आणि सिंधुदुर्गांतील कोंकण कन्याळ काळी असून तोंडावर पांढऱ्या पट्ट्या असलेली. रंगामागोमाग शिंगें, कान, दाढी व गळ्यांतील लोंबणारे भाग यांचें वर्णन येतें. वर्ण, चिन्ह व शिंगें हीं कौटिल्याच्या नोंदवहींतलींच लक्षणें आहेत.

५. विवीत

कळप निवडून भागत नाहीं. दुष्काळांत पहिला बळी निवडलेल्या कळपाचाच जातो, कारण चारा संपला कीं धनी जें विकलें जाईल तें विकतो, तेथें वर्ण पाहत नाहीं. म्हणून पशुलक्षणाच्या विचारांत चाऱ्याचा विचार आलाच पाहिजे. कौटिल्यानें गोऽध्यक्षाच्या जोडीस विवीताध्यक्ष सांगितला आहे. दोन गांवांमधील मोकळ्या भूमींत कुरणें बसवावीं, भयस्थानें चोर व श्वापदांपासून मोकळीं करावीं, पाणी नसेल तेथें विहिरी व तळीं करावीं, हें त्याचें काम. मनूनें गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें रुंद परिहारभूमि सोडण्यास सांगितलें, व नगरास तिप्पट. धनुष्य चार हातांचें धरल्यास ही पट्टी सुमारें ६०० फूट भरते.

या विषयांत याज्ञवल्क्यस्मृतींतील दंडाचा नियम फार मार्मिक आहे. पीक खाणाऱ्या म्हशीच्या धन्यास आठ माष, गाईच्या धन्यास चार, शेळी-मेंढीच्या धन्यास दोन. खाऊन तेथेंच बसलीं तर दुप्पट. आणि विवीतांतहि हाच दंड. शेवटला शब्द महत्त्वाचा. पेरलेलें शेत आणि राखलेलें गवत यांस स्मृतिकारानें एकाच पायरीवर बसविलें आहे. विवीत म्हणजे काय, हें विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत सांगितलें: जेथें गवत व लांकूड विपुल आहे, जो प्रदेश कोणीं ताब्यांत घेऊन राखला आहे, तो. ज्याचें रक्षण होत नाहीं तें रान. ज्याचें रक्षण होतें तें विवीत. मराठींतील कुरण शब्दाचा याहून नेमका अर्थ देतां येणार नाहीं. विज्ञानेश्वर हा चालुक्य सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या राज्यांत कल्याणी येथें होऊन गेला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण, आणि तें धाराशिव जिल्ह्याच्या शेजारीं आहे. काळ्या उस्मानाबादी शेळीच्या मुलखाच्या सीमेवरच राखल्या गवताची ही व्याख्या लिहिली गेली.

चारा राखणें म्हणजे केवळ चोरापासून राखणें नव्हे. ज्वारीचें कोवळें पीक वा कापणीनंतरचा फुटवा खाल्लेलें जनावर विषबाधेनें दगावतें. म्हणून शेताची राखण ही जनावराचीहि राखण ठरते. घाणेरीचा पाला शेळ्या-मेंढ्यांस बाधतो. गाजरगवत तर १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलें आणि पुढें तें माळरानें व पडीक जमिनी व्यापीत गेलें. जुन्या कागदांत कुरणांतील गवतांचीं नांवें कोठें आलीं असतील तर तीं या आक्रमणापूर्वींच्या माळाचा पुरावा आहेत. त्यांचें मोल आतां सनदेहून कमी मानतां येणार नाहीं.

६. शिवकालीन एक पत्र

मराठी राज्यांत या रक्षणाचें स्वरूप काय होतें, हें सांगणारें सर्वांत प्रसिद्ध साधन घोड्यांच्या वैरणीचें आहे, शेळ्यांचें नव्हे. परंतु विषय एकच असल्यानें येथें घेतों. चिपळुणाजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या सुमारास पाठविलेलें आणि राजवाडे यांनीं प्रसिद्ध केलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. त्याचा आशय असा. दाणा व गवत आतांच मन मानेल तसें वापरलें तर भर पावसांत कांहीं उरणार नाहीं, घोडीं मरूं लागतील, आणि मग लोक कुणब्यांच्या घरांत शिरून दाणा, भाकर, गवत, फाटें, भाजी नेऊं लागतील. कुणब्यांस मोगलाहून तुमचा जाच अधिक वाटेल. पुढें आगीविषयीं सूचना: कोणी आगटी करील, कोणी चुली मांडील, कोणी चिलमीचा विस्तव गवताजवळ नेईल, दिवा जळत राहिला तर उंदीर वात पळवील, आणि एक गंजी पेटली कीं सगळीं गवतें व घोडीं जातील.

या पत्राकडे आपण प्रजावात्सल्याचा नमुना म्हणून पाहतों, व तें योग्यच आहे. पण त्यांत एक जमाखर्चहि आहे. गवत किती आहे, जनावरें किती आहेत, आणि पावसाळा किती दिवस चालावयाचा, याचा हिशेब पाठ असलेल्या माणसाचें हें पत्र आहे. तो हिशेब ज्या कागदांवर असे, ते कागद आपल्या दप्तरांत तिसऱ्या प्रतीचे म्हणून पडले आहेत. पुणें जिल्ह्यांत कुरण या नांवाचीं गांवें आजहि आहेत. एकेका गांवाचें नांव जर राखल्या गवतावरून पडलें, तर त्या गवताच्या नोंदी लहान कशा मानाव्या? मोगली अमदानींत घोड्यास 'दाग' देऊन त्याचा रंग व खुणा कागदावर उतरवीत. कौटिल्याचा अंक व वर्ण हाच व्यवहार निराळ्या भाषेंत तेथें चालू राहिला.

पुढें इंग्रजी अंमलांत १८७१ च्या कायद्यानें कोंडवाड्याची व्यवस्था ठरली, आणि १९२७ च्या वनकायद्यांत 'गुरें' या शब्दाच्या व्याख्येंत शेळ्या व करडें नांवानिशीं घातलीं गेलीं. दंडाची कल्पना जुनीच; पण एक फरक झाला. स्मृतीच्या विवीतांत गांवाचा कळप नियमानें चरत असे व नियम मोडल्यास दंड होई. राखीव जंगलांत चारणें हाच मुळीं गुन्हा झाला. कुरण राखणारा व कुरण चारणारा हे पूर्वीं एकाच गांवचे होते. ते आतां परस्परांचे प्रतिपक्षी झाले. हा बदल गांवोगांवीं कसा घडला, हें कायद्याच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. वनचराईच्या पावत्या, कोंडवाड्याच्या नोंदी, गवताच्या लिलांवाचे कागद यांतच तें सांपडेल.

७. संग्राहकांस विनंती

वरील विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत असें. पशूचें लक्षण म्हणजे प्रथम ओळख. तिच्यावर मालकी, न्याय व पैदास हीं तिन्ही उभीं होतीं. शकुनाचे नियम या ओळखीच्या अंगाखांद्यावर वाढले. आणि निवडलेला कळप टिकविण्यास राखलेलें गवत लागतें, हें स्मृतिकार, निबंधकार व राज्यकर्ते या सर्वांनीं ओळखलें होतें.

ज्यांच्या संग्रहीं जुनीं दप्तरें आहेत त्यांस माझी विनंती इतकीच कीं, शेरडांच्या याद्या, रंग व कानांच्या खुणांचीं टांचणें, गवताच्या गंजींचे हिशेब यांतील एकहि पान, वाचल्यावांचून व निदान त्याची नक्कल केल्यावांचून, हातावेगळें करूं नये. बृहत्संहितेच्या वा शालिहोत्राच्या पोथ्यांच्या कडेस पाळणाऱ्यांनीं केलेलीं टिपणें असल्यास तींहि उतरून घ्यावीं. ग्रंथ छापलेले आहेत, कडेचीं टिपणें छापलेलीं नाहींत. माझ्या हातून जो जुडगा गेला त्यांत काय होतें हें आतां कोणासहि कळावयाचें नाहीं. दुसऱ्या कोणाच्या माळ्यावर त्याचा सोबती अद्याप असेल, तर तो वाचावा, एवढ्यासाठींच हा खटाटोप.